भुयारात उतरलो आम्ही तिघं

ज्या माणसानं माझं मनगट मोडलं, त्याच माणसानं मला तो खेळ शिकवला. दोन्ही गोष्टी एकाच पावसाळ्यात, एकाच सरकारी दवाखान्यात झाल्या.

मी तेव्हा संग्रामपूरच्या बाजूला नर्स होते. माहेर देऊळघाटचं. अब्बांचं गाद्या भरायचं दुकान, त्यामुळे लहानपणापासून कापूस पाहिला तो पिंजलेला, मऊ, नाकातोंडात जाणारा. शेतातली पऱ्हाटी, म्हणजे कपाशीचं झाड, कशी वाढते आणि तिच्यासाठी माणसं काय काय फवारतात, ते मला नोकरीत कळलं. बीटी बियाणं आलं तेव्हा फवारण्या कमी होतील असं सगळे सांगायचे, आणि पहिली काही वर्षं झाल्याही. मग अळी त्याला सरावली. गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत बसून खायची, बाहेरून दिसायचीच नाही. लोक दोन-तीन औषधं एकत्र कालवून मारू लागले. पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलेली, वारा उलटा, अंगात नुसतं बनियन. दुपार कलली की आमच्याकडे माणसं यायला लागायची.

हा माणूस सोनाळ्याकडचा. तिशीच्या आतला, अंगानं मजबूत. त्याला ऑटोतून आणलं तेव्हा तोंडातून फेस येत होता, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या आणि मांड्यांचं मांस कातडीखाली आपोआप उडत होतं. बायको त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तिच्या लुगड्यालाही औषधाचा तोच उग्र वास येत होता. आम्ही कात्रीनं त्याचे कपडे फाडले, साबणानं अंग घासून घासून धुतलं आणि अ‍ॅट्रोपिनची इंजेक्शनं सुरू केली.

या विषावर अ‍ॅट्रोपिन लागतंच. पण ते चढलं की माणूस माणसात राहत नाही. अंग तापतं, तोंड कोरडं पडतं, डोळे मोठे होतात आणि त्या डोळ्यांना भलतंच काही दिसू लागतं. कोणी हवेतले धागे ओढतो, कोणी मेलेल्या आईशी बोलतो. काही मारतात.

दिवेलागणीच्या सुमाराला तो उठून बसला. मी सुई घेऊन त्याच्याकडे चालले होते. त्यानं माझ्याकडे पाहिलं, हातातली सलाईन उपसून काढली आणि खाटेशेजारचा लोखंडी स्टँड दोन्ही हातांनी उचलला. पहिला फटका वॉर्डबॉयच्या कपाळावर बसला. तो बिचारा जागच्या जागी खाली बसला, डोळ्यांवरून रक्त वाहायला लागलं. दुसरा माझ्यावर आला. मी डोक्यासमोर उजवा हात धरला आणि मनगटातून वाळकी काडी मोडावी तसा आवाज आला. दुखणं नंतर आलं, आधी आवाज आला.

बाकीच्या रोग्यांचे नातेवाईक धावले. त्यानं एकाच्या दंडाला चावून मांस वर आणलं. बायको त्याच्या पायांवर आडवी पडली, "अहो मी हाओ, मी हाओ" म्हणत राहिली. त्यानं गुडघ्यानं आणि टाचेनं तिचं तोंड असं तुडवलं की तिच्या हनुवटीवरून रक्ताची धार लागली. तरी तिनं पाय सोडले नाहीत. शेवटी चार-पाच जणांनी दाबून धरलं आणि आम्ही बँडेजच्या पट्ट्यांनी त्याचे हातपाय खाटेला बांधले. बांधल्यावरही तो डोकं आपटत होता, खाट फरशीवर सरकत होती. कोणीतरी खाली उशी सारेपर्यंत मी डाव्या हातानं त्याचं कपाळ धरलं होतं, आणि माझा उजवा हात कोणा दुसऱ्याचा असल्यासारखा लोंबत होता.

तो वाचला. मला प्लास्टर लागलं. वॉर्डात काम जमेना म्हणून मला रेकॉर्डच्या खोलीत कॉम्प्युटरवर बसवलं. आधीचा ऑपरेटर नोकरी सोडून गेलेला. त्याच्या त्या जुनाट मशीनच्या स्क्रीनवर एका कोपऱ्यात कवटीचं चित्र होतं. जेवणाच्या सुट्टीत मी त्यावर टिचकी मारली.

एक उजाड गाव उघडलं. विहीर, लोहार, औषधाच्या बाटल्या विकणारी म्हातारी, आणि पडक्या गढीखालून खाली जाणारा दगडी जिना. खाली भुयार, भुयाराखाली भुयार. माझ्या वाट्याला धनुष्यवाली बाई आली होती. जिना उतरले की हाडांचे सापळे चालून यायचे आणि तिला ठेचून मारायचे. डाव्या हातानं माऊस चालवत मी पुन्हा पुन्हा मरत होते, आणि का कोण जाणे, पुन्हा पुन्हा उतरत होते.

अशीच मेले होते तेव्हा दार वाजलं. तो आणि त्याची बायको उभे होते. भिंतीला धरून धरून तो आला होता.

"सिस्टर, माफ करा मले," तो म्हणाला. "मले त्या दिवसाचं काहीच याद नाई."

"तुमाले याद नाई," बायको म्हणाली, "अन् माहा दात हालून राह्यला अजून."

मी म्हटलं, "औषधाचा दोष होता, तुमचा नाही. बसा." पण त्याचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. तो स्क्रीनकडे बघत होता, बाजारात जुना वर्गमित्र दिसावा तसा.

"हे अजून हाय?"

"तुम्हाला येतो हा खेळ?"

"खामगावले आयटीआयले होतो ना, तवा लय खेळलो. आमचे पोट्टे नवे नवे खेळ आणत, गाड्यांचे, बंदुकीचे. दोन महिन्यांत इटून जात. हा काही सुटे ना. दर खेपेले भुयार नवं. काल जिथं जिना होता तिथं आज भित. पाठ करून काही होत नाई, डोळे उघडे ठेवूनच जा लागते."

तो खुर्ची ओढून बसला. "मोकळ्या जागेत काऊन उभ्या राह्यता? चारी अंगानं येतात ते. दारात उभ्या राहा. दारातून एकच येते. त्याले पाडा, मग दुसऱ्याले."

त्याचा हात इतका कापत होता की माऊसवर ठरत नव्हता, तरी माझ्यापेक्षा बरा होता. मग आमची वाटणी आपोआप ठरली. धनुष्यवालीच्या जागी त्यानं कुऱ्हाडवाला गडी घेतला. माऊस त्याच्याकडे. बाटल्या माझ्याकडे, म्हणजे जीव कमी झाला की डाव्या हातानं आकड्याचं बटण दाबायचं आणि लाल औषध पाजायचं. ते काम माझ्या सवयीचं होतं. फरक एवढाच की इथे जीव किती उरला ते कोपऱ्यातल्या लाल गोळ्यात स्वच्छ दिसायचं. वॉर्डात आम्ही नाडी धरतो, बाहुल्या बघतो, छातीला नळी लावतो आणि अंदाज करतो. इथे अंदाज नव्हता.

त्याला अजून काही दिवस ठेवून घेणार होते. जेवणाची वेळ झाली की तो यायचा. आम्ही एकेक मजला खाली जात होतो. "बाटली!" तो ओरडायचा. "दिली!" मी ओरडायचे. बाहेरून जाणाऱ्या मावश्या खिडकीतून डोकावून जायच्या. तो कुऱ्हाडीनं कवट्या फोडायचा, मुंडकी उडायची, फरशीवर रक्ताची थारोळी साचायची, आणि ज्या वॉर्डात मी खरं रक्त पुसलं होतं तिथून दोन भिंती पलीकडे बसून मी मनापासून हसायचे. मला त्याची लाज वाटली नाही.

एकदा एका मोठ्या दालनात सापळ्यांचा घोळका आमच्यावर आला. त्यानं माऊस सोडला. आमचा माणूस मेला.

"काय झालं?"

तो खाली मान घालून म्हणाला, "सिस्टर, मी खोटं बोललो. याद हाय मले."

मी खुर्ची त्याच्याकडे वळवली.

"त्या दिवशी मी वॉर्डात नोतोच. इथं होतो." त्यानं स्क्रीनला बोट लावलं. "छतातून हाडं उतरून राह्यली होती. तुमी पांढऱ्या कपड्यात, हातात सुई घेऊन येऊन राह्यल्या. मले वाटलं, हिलेच आदी पाडलं पायजे. पायाले काहीतरी बिलगलं होतं. मी म्हटलं, याले तुडवल्याबिगर सुटका नाई."

दाराशी डबा घेऊन त्याची बायको उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तोंड अजून एका बाजूनं सुजलेलं. तिनं डबा टेबलावर ठेवला, नवऱ्याच्या दंडाला धरून त्याला खुर्चीवरून उठवलं आणि स्वतः बसली.

"दाखवा मले. कसं मारता?"

तिनं माऊस आयुष्यात पहिल्यांदा हातात धरला होता. तो मागून सांगत होता, मी बाटल्या पाजत होते. सुरुवातीला ती नुसती भिंतींवर वार करत राहिली. मग अंधारातून एक लांबलचक, फिकट किडा सरपटत आला.

"अळी हाय हे!" ती म्हणाली.

तिनं जे मारायला सुरुवात केली ते मी विसरलेले नाही. बटणावर बोट नाही, सगळा हात आपटत होती. "आमचं वावर खाल्लं, आमचा माणूस खाल्ला, घे, घे." किडा फुटून गेला तरी ती मारत होती.

"मेली ती," नवरा हळूच म्हणाला.

"मरू दे. अजून मारतो मी."

वऱ्हाडात बायकाही 'मारतो', 'जातो' असंच बोलतात. तिनं जबडा इतका आवळला होता की तो हलणारा दात निखळला. तिनं तो तळहातावर थुंकून पाहिला, खिडकीतून बाहेर भिरकावला, पदरानं ओठ पुसला आणि पुन्हा माऊस धरला. मी कापूस आणायला उठले, तर म्हणाली, "बसा ताई. बाटली कोन पाजन?"

मग त्याला दवाखान्यातून सुट्टी होईपर्यंत आम्ही तिघंही बसायचो. तळाच्या मजल्यापर्यंत काही पोचलो नाही. एका सकाळी त्यांचा ऑटो आला आणि ती दोघं गेली.

पुढच्या वर्षी तो परत आला, पण रोगी म्हणून नव्हे. मोटरसायकलवर स्वतःच्या आणि आणखी एकाच्या मध्ये बसवून त्यानं शेजारच्या वावरातल्या माणसाला आणलं होतं. ओल्या लुंगीत गुंडाळलेलं. शेतातल्या विहिरीवरच त्यानं त्याला साबण लावून धुतलं होतं. एरवी हे आम्हाला करावं लागे आणि तोवर बराच वेळ गेलेला असे.

या माणसाचं वय जास्त होतं. अ‍ॅट्रोपिन चढल्यावर त्यालाही दिसायला लागलं. तो किंचाळत खाटेवर उभा राहू लागला. आम्ही पट्ट्या आणायला वळलो, तेवढ्यात यानं, आमच्या जुन्या रोग्यानं, त्याला पाठीमागून कव घातली.

"काय दिसून राह्यलं, काका?"

"साप! पंख्यावरून साप!"

"इकडे या, भितीले पाठ लावा. मी पुढं हाओ. एकेक येऊ द्या."

काकानं कोपर असं मारलं की याचा ओठ फाटला. यानं मिठी सोडली नाही. एका हातानं पायातली चप्पल काढली आणि गादीवर दणकन मारली. "मेला! दुसरा कुठं हाय?"

"तिथं! उशाखाली!"

दणकन. "हाही मेला! आता?"

ओठातलं रक्त गादीवर ठिबकत होतं. अख्खा वॉर्ड बघत होता. त्यानं उशी बडवली, खाटेचा दांडा बडवला, भिंत बडवली. काकाचे डोळे त्याच्या चपलेमागे फिरत होते. हळूहळू किंचाळणं थांबलं. पट्ट्या न बांधता आम्ही सलाईन लावली, आणि काका त्याच्या छातीला टेकून पडून राहिला.

सकाळी काकाचा श्वास अडकायला लागला. मोठ्या दवाखान्यात न्यायला गाडी आली तोवर काका गेलेला होता.

मी बाहेर आले तेव्हा त्याला आणणारा पायरीवर बसला होता. ओठ सुजून काळा पडलेला. माझ्याकडे न पाहता म्हणाला, "सिस्टर, बंदेच्या बंदे साप मारले होते ना आपन?"

मी त्याच्याशेजारी बसले. त्याचा ओठ बघितला. टाका घालायला हवा होता, तेवढं सांगितलं. तो निमूटपणे आत आला आणि सुई टोचली तेव्हा हललाही नाही.

त्यानंतर त्यानं कपाशी सोडली. आता सोयाबीन, तूर आणि थोडा भाजीपाला करतो. माझी बदली बुलडाण्याला झाली. तो खेळ त्यानं परत खेळला नाही, हे त्याच्या बायकोनं मला फोनवर सांगितलं. "नाव काढलं तरी उठून जाते," म्हणाली.

मी मात्र खेळते. माझ्या लॅपटॉपवर तो जुना खेळ कसाबसा चालतो, रंग फिके दिसतात, माणसं ठोकळ्यासारखी चालतात. सोबतच्या नर्स मुली हसतात. यात काय आहे, विचारतात. मी त्यांना आधी काहीतरी सांगून टाळत असे. आता खरं तेच सांगते. दिवसभर मी ज्याच्याशी झगडते ते मला दिसत नाही. ते कातडीतून, वाऱ्यातून, बोंडाच्या आतून येतं, आणि किती उरलं ते कळायची सोय नसते. भुयारात जे मारायला येतं त्याला तोंड असतं. मला दारात उभं राहून त्याची वाट बघता येते, आणि ते पडलं की पडलेलं दिसतं.

गेल्या रविवारी मी कधी नव्हे ती तळाच्या मजल्यावर पोचले. तिथे जे बसलं होतं त्यानं मला एका फटक्यात चिरडलं. मी उठून दुपारचं जेवण गरम केलं, जेवले, भांडी घासली, आणि पहिल्या जिन्यापासून पुन्हा उतरायला लागले.