दोरीवाल्या बाई

दोरीवाल्या बाई कुत्र्यांना अहो-जाहो करायच्या आणि माणसांना अरे-तुरे. "मुगी-सान, जरा इकडे येता का?" असं अगदी लोण्यासारख्या आवाजात विचारायच्या आणि लगेच माझ्याकडे वळून, "तू अजून उभीच? बस की!" जपानमध्ये पहिल्या भेटीतच असं एकेरीवर येणारं माणूस मला आठ वर्षांत दुसरं भेटलेलं नाही. सुरुवातीला मला राग यायचा. पुण्यात समुपदेशक म्हणून दहा वर्षं काढलेली बाई मी, आणि इथे माझ्यापेक्षा एका लॅब्रॅडॉरला जास्त मान! एकदा धीर करून कारण विचारलंच. त्या म्हणाल्या, "मुगी-सान कामावर आहेत. तू अजून शिकतेयस."

त्यांचं काम सांगायचं तर जरा लांबून सुरुवात करावी लागेल. ज्या मुलांवर अत्याचार झालेला असतो, त्यांना कधी कधी कोर्टात साक्ष द्यावी लागते. मोठ्या माणसांचीही जिथे बोबडी वळते, तिथे मुलांचं काय होत असेल! अशा वेळी मुलाच्या पायाशी शांत बसून राहणारं एक शिकवलेलं कुत्रं असतं, आणि त्या कुत्र्याबरोबर त्याला सांभाळणारं माणूस. कुत्री बाहेरून तयार होऊन येत. बाई तयार करायच्या ती माणसं. आम्ही राहायचो त्या फुनाबोरी भागात, घरापासून सायकलने जाता येईल अशा एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर त्यांचा वर्ग भरायचा. मी तोवर कोंबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात, पार्ट-टाइम करत, भाषेच्या परीक्षा देत, एका बालसल्ला केंद्रात नोकरीला लागले होते. तिथूनच माझी त्यांच्याकडे रवानगी झाली.

'दोरीवाल्या बाई' हे नाव माझ्या नवऱ्याने ठेवलं. बँकेतून घरी आला की टाय सोडता सोडता विचारायचा, "काय, आज दोरीवाल्या बाईंनी कोणाला ओढलं?" कारण पहिले कित्येक आठवडे आम्हाला कुत्र्याला हातच लावू दिला नव्हता. नुसती दोरी. तिचं एक टोक बाईंच्या हातात, दुसरं आमच्या. बाई डोळे मिटून बसायच्या आणि त्यांची सहकारी एखाद्या मुलाची रचलेली साक्ष सावकाश वाचायची. मी चेहरा दगडासारखा ठेवून बसलेली, आणि बाई मिटल्या डोळ्यांनी म्हणायच्या, "आत्ता. आत्ता तू हललीस." चेहरा कुणालाही फसवू शकतो, पण कुत्रं चेहरा बघत नाही, ते हात ऐकतं, असं त्यांचं म्हणणं होतं. हात आवळला की कुत्र्याला वाटतं इथे काहीतरी धोका आहे, ते मान वर करतं, आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून बसलेल्या मुलालाही तेच वाटतं. "रडायचं तर खुशाल रड," त्या म्हणायच्या. "डोळ्यांनी रड. हाताने रडायचं नाही."

दुसरी गोष्ट म्हणजे 'गांबात्ते' या शब्दाचा त्यांना असलेला तिटकारा. 'जोर लाव, तुला जमेल' अशा अर्थाचा हा शब्द या देशात शाळेपासून ऑफिसपर्यंत दिवसभर एकमेकांना वाटला जातो. आमच्याबरोबर शिकणाऱ्या एका अनुभवी नर्सबाईंनी सरावात मुलाची भूमिका करणाऱ्या सहकारिणीला सवयीने 'गांबात्ते' म्हटलं. बाईंनी सराव तिथेच थांबवला. "ते जिन्यात जाऊन जिन्याला सांग. जिन्याला चालेल." नर्सबाई खरोखर जिन्यात जाऊन म्हणून आल्या, आम्ही हसू दाबत बसलो. मग बाई शांतपणे म्हणाल्या, "ते मूल कोर्टाच्या दारापर्यंत आलं, यातच त्याचा सगळा जोर संपलेला असतो. आणखी कुठून आणायचा त्याने?" त्यानंतर कोणी हसलं नाही. मलाही 'रडू नको हं बाळा' म्हणायची मोठी खोड होती. ती मी मुकाट्याने सोडली.

केंद्राने पाठवलेल्यांतून मला त्यांनी का निवडलं, हे मला बरेच दिवस कळत नव्हतं. माझं जपानी अजूनही कुठे कुठे अडखळतं. पण बाई म्हणाल्या, "मुलांना सगळ्यात मोठी भीती असते ती हे शेजाऱ्यांना कळेल याची. तुझ्याकडे बघून त्यांना वाटेल, ही कुठली आपल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना ओळखणार!" परकेपणाचा असाही उपयोग असतो, हे मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं.

मुगी ही बाईंची स्वतःची जोडीदार. मुगी म्हणजे जव, आणि रंगही तसाच. चार वर्षं ती बाईंच्या घरी राहत होती, त्यांच्याबरोबर केंद्रांत, हॉस्पिटलांत जात होती. एका सकाळी बाईंनी वर्गानंतर मला थांबवून घेतलं आणि उजवा हात टेबलावर ठेवला. बोटं थरथरत होती. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं होतं. ते त्यांनी मला सांगितलं नाही. "माझा हात आता खोटं बोलतो," त्या म्हणाल्या. "मला भीती वाटत नसते, आणि हा मुगी-सानना सांगतो की वाटतेय." आणि दोरी माझ्यापुढे सरकवली. मला रडू आलं. त्यांना आलं नाही, निदान माझ्यासमोर तरी.

कुत्रं एका हातातून दुसऱ्या हातात जाताना एक नियम पाळावा लागतो. जुन्या माणसाने त्याच्या नजरेला पडायचं नाही. आवाज नाही, वास नाही. नाहीतर कुत्रं दोन ठिकाणी बघत राहतं, आणि कोर्टात दोन ठिकाणी बघणारं कुत्रं काय कामाचं? हा नियम बाईंनीच आम्हाला शिकवलेला. आम्ही कुत्री चालणाऱ्या इमारतीत घर बदललं, मुगी आमच्याकडे आली, आणि बाईंनी त्या दिवसापासून वर्गावर येणं बंद केलं. फोन तेवढा करायच्या. मुगी-साननी खाल्लं का, पोट साफ आहे का, पंजे बघतेस ना. 'माझी आठवण काढतात का' हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही की ती रोज संध्याकाळी दाराशी जाऊन बसते.

आणि मग ती मुलगी आली. नाव सांगणार नाही. अकरा वर्षांची, केस डोळ्यांवर ओढून घेणारी. तिने कोर्टात बोलणं गरजेचं होतं, कारण तिच्यावर अत्याचार करणाऱ्या माणसाविरुद्ध दुसरा फारसा पुरावा नव्हताच. जागा आधी दाखवावी म्हणून तिला नेलं तर दोन्ही वेळा ती दारातच थिजली. कोर्टाने बऱ्याच नाखुशीने मुगीला परवानगी दिली, तीही या एका वेळेपुरती. कुत्र्याने गडबड केली तर पुढच्या मुलांसाठी हे दार बंद होणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी बाईंना फोन केला. म्हटलं, "सेन्सेई, मुगी अजून माझी झालेली नाही. तुम्ही नुसत्या इमारतीत असलात तरी मला धीर येईल." त्या म्हणाल्या, "मी असले तर मुगी-सान मला शोधतील. त्या दिवशी त्यांनी फक्त त्या मुलीचं व्हायचंय." आणि फोन ठेवला.

न्यायाधीश येण्याआधीच आम्ही टेबलामागे जाऊन बसलो. कुत्रं कोणाच्या नजरेत भरू नये, म्हणून ही पद्धत. मुलीला दिसू नये म्हणून लावलेल्या पडद्यापलीकडे तो माणूस होता. दिसत नव्हता, पण एकदा खोकला. त्या खोकल्याने मुलीचं बोलणं मध्येच तुटलं. कोर्ट वाट बघत होतं. माझ्या घशाशी 'बोल गं बाळा' आलं होतं. मी सगळं लक्ष माझ्या हातावर आणलं आणि तो सैल ठेवला, एवढंच काय ते मी केलं. मुगीने हळूच आपली हनुवटी मुलीच्या बुटावर टेकवली आणि एक लांब सुस्कारा सोडला. मुलीने खाली बघितलं. मग ती मुगीकडे बघतच बोलू लागली, आणि शेवटपर्यंत बोलली.

सगळे निघून गेल्यावर आम्ही मागच्या दाराने बाहेर आलो. मुलगी आणि तिची आई गाडीत बसल्या, गाडी वळली, आणि एकदम माझ्या हातातली दोरी ताणली गेली. मुगीने कधी दोरी ओढली नव्हती. रस्त्यापलीकडे बस स्टॉपवर बाई उभ्या होत्या, उजवा हात कोटाच्या खिशात खुपसून. सकाळपासून तिथेच असाव्यात. नाक लालेलाल झालं होतं. वारा आमच्या बाजूला वाहत होता, एवढी एकच गोष्ट त्या विसरल्या होत्या. मुगीची शेपटी सारखी हलू लागली. बाईंनी आमच्याकडे पाहिलं. मी होकारार्थी मान हलवली, म्हणजे मुलगी बोलली. त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले. आणि मग त्यांनी आमच्याकडे पाठ केली.

मुगी एकदाच भुंकली, बारीक आवाजात. बाईंचे खांदे हलले, पण त्या वळल्या नाहीत. समोरून बस आली, तिच्यात त्या चढल्या. ती बस त्यांच्या घराच्या उलट दिशेला जाणारी होती. पुढे त्या नागोयाला भावाकडे राहायला गेल्या. फोनवर बोलणं होतं, पण मी त्यांना शेवटचं पाहिलं ते असं, पाठमोरं.

बस दिसेनाशी झाली तरी मुगी तिकडेच बघत उभी होती. मला तिला हाक मारायचा धीर होईना. बऱ्याच वेळाने ती आपणहून वळली, माझ्या डाव्या बाजूला येऊन उभी राहिली, आणि आम्ही दोघी स्टेशनकडे चालू लागलो.