सव्वाअकराचं ओवाळणं

बाबांना एक्याऐंशीवं वर्ष लागलं तेव्हा भावानं पुण्याच्या घरी सहस्रचंद्रदर्शनाचा घाट घातला आणि बाबांनी त्याचं वेळापत्रक काढलं. ते घरच्या ग्रुपवर आलं. साडेआठला होम, सव्वाअकराला लेकीनं एक्याऐंशी दिव्यांनी ओवाळणं, बाराला पानं. खाली ठळक अक्षरांत, ‘कोणासाठीही थांबणार नाही.’ हे ‘कोणासाठीही’ म्हणजे मी, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी चौथीत असताना चार मिनिटं उशिरा तयार झाले म्हणून बाबा एकट्या भावाला घेऊन सर्कशीला निघून गेले होते. त्यानंतर सर्कशीचा विषय ना त्यांनी काढला, ना मी. पण विसरले मुळीच नाही.

दिव्यांसाठी फुलवाती मी नेणार होते. महिनाभर व्हाइटफील्डच्या घरी, ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून वळत होते, तरी अठ्ठावन्नच झाल्या. उरलेल्या विमानात वळू म्हणून कापूस पर्समध्ये टाकला. सातचं विमान, साडेआठला पुणं, दहाच्या आत घरी. शेवटी मीही त्यांचीच मुलगी.

विमानतळावर धुकं इतकं, की काचेपलीकडचं विमान दिसेना. सातचे आठ झाले, आठचे साडेनऊ. धुकं निवळलं तेव्हा कळलं, की विमानातल्या कर्मचाऱ्यांची कामाची वेळ संपली, आता दुसरी माणसं यायची आहेत. मी काउंटरवरच्या मुलीला फाडफाड बोलले. ती बिचारी ‘सॉरी मॅम’ म्हणत राहिली, त्यानं माझा पारा आणखीच चढला. मग भावाला फोन केला.

“सांगितलं मी बाबांना,” तो म्हणाला. “घड्याळाकडे बघून नुसतं ‘बरं’ म्हणाले.”

त्या ‘बरं’नं माझे डोळे भरून आले. पन्नाशी गाठलेल्या बाईनं विमानतळावर बसून सर्कशीसाठी रडायचं म्हणजे कमालच!

शेजारच्या खुर्चीतल्या बाईंनी रुमाल पुढे केला. “आय्यो, कशाला एवढा ताप करून घेता? स्वल्प बसा. धुकं काय त्या पोरीनं सोडलंय?”

त्या राजाजीनगरच्या. त्यांचं मराठी घराणं तीन-चारशे वर्षांपूर्वी इकडे कन्नड मुलखात येऊन राहिलेलं. पुण्याला नव्या नातवाला बघायला निघाल्या होत्या. मी नकळत त्यांना अक्का म्हणू लागले. माझं सगळं रामायण ऐकून त्या म्हणाल्या, “सरी, काढा तो कापूस.”

कॉफीवाल्याशी कन्नडमध्ये गोड बोलून त्यांनी कपात घोटभर दूध आणलं, त्यात बोट बुडवलं आणि पहिली वात वळली. माझ्यापेक्षा कितीतरी सुबक. मग आम्ही दोघी मांडीवर कापूस घेऊन बसलो. मी वाती जाड वळते म्हणून त्या मला रागे भरत होत्या. सव्वाअकरा वाजले तेव्हा माझे हात थांबले. त्यांचे थांबले नाहीत.

“तुमचा नातू मोठा होतोय तिकडे,” मी म्हटलं.

“होऊ दे की. आज काय मिशा फुटणारेत?”

मी खो खो हसले. खोटं कशाला बोलू, ती सकाळ मजेत गेली. एकला विमान सुटलं तेव्हा एक्याऐंशी वाती डब्यात होत्या.

घरी पोचले तेव्हा साडेतीनला पाच मिनिटं कमी होती. पाहुणे जेवून केव्हाच गेले होते. ताटात कणकेचे दिवे तसेच मांडलेले, वातींवाचून. बाबा रेशमी सोवळं नेसून खुर्चीत पेंगत होते.

“जेवले बाराच्या ठोक्याला,” भाऊ कुजबुजला. “पण सोवळं सोडेनात, आणि कोणाला ओवाळूही देईनात.”

बाबांनी डोळे उघडले. आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“चार तास दहा मिनिटं,” ते म्हणाले.

मी डबा उघडला. खाली बसून वाती तुपात भिजवायला घेतल्या. एकेक दिव्यात वात ठेवत होते, आणि बाबा वाकून बघत होते.

“ती सर्कस,” ते हळूच म्हणाले, “काही खास नव्हती.”