कानवाले काका आणि न उठणारी डबी

यंत्र दुरुस्त करणारे पुष्कळ; यंत्राची विचारपूस करणारा एखादाच. आमचे कानवाले काका, सज्जनहो, त्या एखाद्यांतले. रेडिओ असो की खिशातली गाण्याची डबी, स्क्रू सोडवण्याआधी ते ती कानाशी धरत, डोळे मिटत आणि म्हणत, "आधी तिचं ऐकू, मग आपलं सांगू." लोक हसत. काका हसू देत.

एका दुपारी एक बाई दिराबरोबर दुकानात आल्या. हातात म्युझिक प्लेअर. बटण दाबताच पडद्यावर खूण उमटे, थरथरे, विझे; पुन्हा उमटे, पुन्हा विझे. आत त्यांच्या दिवंगत यजमानांचा आवाज होता, दाढी करताना गुणगुणलेला, बाईंनी चोरून टिपलेला. अन्यत्र कुठेही नव्हता.

"सगळं पुसून नव्याने सुरू करता येतं म्हणे," दीर म्हणाले.

"येतं की," काका म्हणाले. "डोकं दुखलं म्हणून डोकंच बदलायचं."

बाईंना हसू आलं.

काकांनी बटणांचं कुलूप तपासलं, चार्जिंगचं तोंड ब्रशने झाडलं, वायर बदलून पाहिली. व्यर्थ. मग पाठ उघडली. बॅटरी उशीसारखी फुगून सर्किटला रेटत होती.

"फार वाजवता का हो, ताई?"

"वाजवत नाही. धीर होत नाही. पण हे गेल्यापासून रोज चार्जिंगला लावते, एकदाही चुकवलं नाही." त्या अडखळल्या. "उपाशी कसं ठेवायचं?"

दीर रस्त्याकडे पाहू लागले.

काकांनी प्लास्टिकच्या पातीने बॅटरी अलगद सोडवली, पेट घेऊ नये म्हणून वाळूच्या डब्यात ठेवली, आणि सवयीने ती रिकामी डबी कानाशी नेली. आत कोणीतरी श्वास घेत होतं. संथ, दमलेला, माणसाचा श्वास. त्यांनी पंखा बंद केला, श्वास राहिला. ज्या कानांनी हयातभर नादाची सेवा केली, त्यांनाच आज नादाचं भय वाटलं.

त्यांनी डबी बाईंच्या कानाशी धरली. काकांना श्वासापलीकडे काही उमगलं नव्हतं. बाई मात्र हुंकार देत होत्या, मान हलवत होत्या, समोरच्याचं बोलणं ऐकावं तशा.

"बरं," त्या हळूच म्हणाल्या. "आता नाही लावणार चार्जिंगला. निजा तुम्ही."

दिरांचा चेहरा उतरला. "वहिनी, कोणाशी बोलताय?"

काकांनी खणातून नवी बॅटरी काढली. "ही बसवली तर सुरू होईल, ताई. त्यांचं गुणगुणणं ऐकायला मिळेल."

बाईंनी बॅटरीकडे पाहिलं. डोळे भरून आले, पण हात पुढे झाला नाही. "राहू द्या, काका. फार दमलेत."

हाती आलेली वस्तू सुरू केल्यावाचून काकांनी कधी परत दिली नव्हती. त्या दिवशी दिली. रिकाम्या डबीचं झाकण त्यांनी आवाज न करता लावलं. दीर तिला शिवायलाही तयार नव्हते. बाईंनी ती ओंजळीत घेतली आणि रस्त्यावरच्या गर्दीतून, कोणाचा धक्का लागू न देता, पावलं न वाजवता चालू लागल्या.