जन्मसाल दोन हजार चाळीस

जूनमधला दुसरा सोमवार. रक्कम पंचेचाळीस हजार, रोख. हजर चौघे: मी, आमचा क्लार्क नितीन, गावचे सरपंच दत्ताभाऊ आणि त्यांच्या हॉटेलातला आचारी लोकेंद्र.

पानशेतच्या अलीकडे आमच्या बँकेची लहानशी शाखा आहे. मी तिथे मॅनेजर. दत्ताभाऊंचं हॉटेल धरणाच्या रस्त्याला. पिठलं-भाकरीसाठी शनिवारी-रविवारी पुण्याच्या गाड्या तिथे रांग लावतात. भाकऱ्या थापतो तो लोकेंद्र. माणूस नेपाळचा, पण बारा वर्षं इथेच.

"मॅडम, याचं खातं उघडायचं," दत्ताभाऊ खुर्ची ओढत म्हणाले. "पोरीचा तिकडं नर्सिंगला नंबर लागलाय. महिनाअखेर फी भरायची. न्हाई भरली तर सीट दुसऱ्याला."

"आतापर्यंत पैसे कसे पाठवत होतात?"

"गावाकडचं कोन घरी निघालं की त्याच्या हाती," लोकेंद्र म्हणाला. "आता दसऱ्याबिगर कोन जात न्हाई."

"म्या माझ्या मोबाईलवरनं पाठवून बघितले," दत्ताभाऊ म्हणाले. "तिकडचं खातं घेतच न्हाई."

खातं उघडताना माणूस कोण, कुठला, हे कागदांवरून पटवून घ्यावं लागतं. त्याला आम्ही केवायसी म्हणतो. परदेशी माणसाचा पासपोर्ट आणि व्हिसा बघतात. लोकेंद्रकडे दोन्ही नव्हतं. नेपाळी माणसाला भारतात राहायला, काम करायला व्हिसा लागत नाही. लागत नाही म्हणून त्याने काढला नाही. त्याच्याजवळ होतं ते नेपाळ सरकारचं नागरिकतेचं प्रमाणपत्र, प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेलं.

नितीनने ते उघडलं आणि खूश झाला. "मॅडम, हे तर आपल्याच लिपीत आहे! सगळं वाचता येतंय."

वाचता येत होतं, तिथेच घोळ झाला. त्याने जन्मसाल वाचलं, दोन हजार चाळीस, आणि तसंच टाइप केलं. कॉम्प्युटरवर लाल ओळ आली. जन्मतारीख आजच्या पुढची चालणार नाही.

"काका, तुम्ही अजून जन्माला यायचे आहात," नितीन म्हणाला.

लोकेंद्र हसला. "आमचं साल म्होरं चालतं, साहेब. विक्रम संवत."

मी कागदावर वजाबाकी केली. एकोणीसशे त्र्याऐंशी आलं. पण माझी वजाबाकी हा पुरावा नव्हे. प्रमाणपत्रावर इंग्रजी साल कुठेच नव्हतं. ते तात्पुरतं बाजूला ठेवलं, तर पुढचा रकाना व्हिसा क्रमांकाचा. तो रिकामा सोडला की कॉम्प्युटर पुढे जात नाही.

"सगळी शून्यं टाकू?" नितीनने विचारलं.

"नको."

"शून्य म्हणजे नाहीच ना, मॅडम?"

"शून्य म्हणजे शून्य नंबरचा व्हिसा. नको."

मी पुण्याच्या मुख्य कार्यालयात फोन लावला. पहिले साहेब म्हणाले, परदेशी आहे ना, मग व्हिसा पाहिजेच. दुसऱ्या दिवशी दुसरे म्हणाले, व्हिसाचा प्रश्नच नाही, पण पासपोर्टशिवाय हात लावू नका. तिसरे म्हणाले, पासपोर्ट कशाला, दिल्लीहून त्यांच्या दूतावासाचं पत्र आणायला सांगा. व्हिसाच्या रकान्यात काय भरायचं, असं मी तिघांनाही विचारलं. तिघांनीही कळवतो म्हणून सांगितलं. इतकी वर्षं या नोकरीत काढली, पण एका सरळ माणसाबद्दल तीन सरळ उत्तरं एकमेकांशी इतकी फटकून असलेली मी पाहिली नव्हती.

"दिल्ली?" दत्ताभाऊ फोनवर ओरडले. "शनवारी त्याला धरणाच्या भिंतीपतुर सोडत न्हाई मी! थांबा. करतो कायतरी."

गुरुवारी ते लोकेंद्रला घेऊनच आले आणि माझ्यासमोर एक कागद ठेवला. ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला. शिक्का, सही, सगळं जागच्या जागी. लोकेंद्र हा जन्मापासून या गावचा रहिवासी असून सरपंच त्यास ओळखतात.

"घ्या. आता आपलाच मानूस झाला. व्हिजा नको न फिजा नको."

मी काही बोलायच्या आत लोकेंद्रने तो कागद स्वतःकडे ओढला. लिपी त्याचीच. बोट ठेवून सावकाश वाचला आणि परत टेबलावर ठेवला.

"भाऊ, यावर मी सही न्हाई करनार."

"का रं?"

"जन्मापासून लिवलंय."

"मंग? बारा वर्सं हितं जेवलास. जत्रंचा बोकड तुझ्याबिगर शिजत न्हाई. तुला परका म्हनू व्हय?"

"परका नगा म्हनू. पन आई अजून हाय माझी. ती इचारंल, मंग मी पाजलं कुनाला?"

नितीन फिसकन हसला. दत्ताभाऊ हसले नाहीत. त्यांनी टोपी उचलली.

"मंग तुझं तू बघ. जा दिल्लीला. परत आलास तर आलास." आणि ते निघून गेले.

लोकेंद्र उभाच राहिला. फी राहिलीच, आता नोकरीचंही नक्की नव्हतं. सीट जाऊ नये म्हणून त्याने निमूट सही केली असती, तर पुढे काय झालं असतं ते मला माहीत होतं. माझ्या हातात एकाच माणसाच्या जन्माचे दोन कागद आले असते. एक म्हणत होता नेपाळ, दुसरा म्हणत होता आमचा वेल्हे तालुका. ते वर कळवणं मला भाग पडलं असतं. चौकशीत पहिलं नाव अर्जदाराचं, दुसरं सरपंचांचं. दाखला अजून फायलीत लागला नव्हता. मी तो पाकिटात घालून, दत्ताभाऊंना परत द्या म्हणून लोकेंद्रच्या हाती दिला.

त्या दुपारी मी चौथा फोन लावला. या वेळी पलीकडे एक बाई होत्या. सगळं ऐकून घेऊन त्यांनी विचारलं, "त्याला खातं हवंय, की पैसे पाठवायचेत?"

हे मी एकदाही विचारलं नव्हतं. खातं उघडायचं म्हणून तो आला, म्हणून मी खातं उघडत होते.

नेपाळला पैसे पाठवण्याची वेगळी सोय आहे. पन्नास हजारांपर्यंत खात्याची गरज नाही. रोख भरायची, ओळखीचा कागद दाखवायचा, घेणाऱ्याचा तपशील द्यायचा. नागरिकतेचं प्रमाणपत्र चालेल, त्या म्हणाल्या. इथल्या पत्त्यासाठी मालकाचं पत्र जोडा. व्हिसाचा रकाना त्या अर्जात मुळी नाहीच, जन्मतारखेचाही नाही.

संध्याकाळी मी हॉटेलात गेले. लोकेंद्र चुलीपाशी होता, दत्ताभाऊ गल्ल्यावर. दोघांचं बोलणं बंद. मी पत्राचा मजकूर सांगितला.

"'नेपाळचा नागरिक' लिवायलाच पायजे का?" दत्ताभाऊंनी विचारलं.

"हो."

"खाली 'आमच्यातला' म्हनून लिवतो."

"नको. आहे तेवढंच लिहा."

त्यांनी लिहिलं. नेपाळचा नागरिक, बारा वर्षांपासून माझ्याकडे कामाला, राहणार माझ्याच जागेत. सही करताना पेन इतकं दाबलं की कागदाला मागून वळ उठला. मला वाटलं, दाखला लिहिताना त्यांना एवढा त्रास झाला नसावा.

त्या आठवड्यापासून खातं उघडायला कुणी आलं की मी कागद मागण्याआधी विचारते, खातं कशासाठी हवंय? निम्म्या वेळा उत्तर भलतंच निघतं.

शुक्रवारी लोकेंद्रने पंचेचाळीस हजार रुपये आमच्या काउंटरवर भरले. तिकडे त्याच्या बायकोच्या नावावर नेपाळी बहात्तर हजार जमा झाले. तिने ते मुलीच्या कॉलेजात भरले, सीट राहिली. बँकेचं कमिशन दत्ताभाऊंनी खिशातून काढून नितीनसमोर ठेवलं, लोकेंद्रकडे न बघता.

"भाऊ, पगारातनं कापा," लोकेंद्र म्हणाला.

"कापीन की."

अजून कापलेलं नाही.