मान वर करायची घाई

लातुरात क्लासच्या मुलींच्या होस्टेलवर मी स्वयंपाक करते. तिथले वॉचमन मामा भूकंपापासून स्लॅबखाली बसत नाहीत. ऊन असो की पाऊस, त्यांची खुर्ची शेजारच्या मोकळ्या प्लॉटवरच. भूकंपात त्यांचं घर पडलं. आत कोण होतं, हे मी कधी विचारलं नाही.

तरुणपणी ते हैदराबादला गोल्फच्या मैदानावर साहेबलोकांचे चेंडू वेचायचे. तिथली एक जुनी काठी अजून त्यांच्याजवळ आहे. कुणी काहीही फिरवत असलं की त्यांना चूक दिसते. मी गोधडी धोपटत असले तरी लांबून ओरडतात, "बाई, मूठ लई आवळलीया. कंबर फिरू द्या. अन् मान वर करू नका!" चेंडू कुठं गेला हे बघायच्या घाईत माणूस फटका चुकवतो, असं त्यांचं म्हणणं.

परवा टेस्टचे मार्क लागले, तेव्हापासून देवणीची एक पोरगी जेवेना. ताट तसंच परत यायचं. शेवटी मी मामांना सांगितलं. संध्याकाळी त्यांनी तिला प्लॉटवर नेऊन काठी हातात दिली. तिनं मारलं आणि लगेच मान वर केली. चेंडू पायाजवळच घरंगळला.

"चुकलं ना, मामा?"

"न्हाई माय. लई बेस मारलं."

ती हसली. आत येऊन तिनं भाकर मागितली. हे सांगायला मी बाहेर गेले, तर मामा खुर्चीत तोंड झाकून रडत होते. भूकंपात आत कोण होतं, ते न विचारताच कळलं. मी परत फिरले.