हावऱ्याचं पोट

माझी काकी देवबागला घरगुती खाणावळ चालवते. मागच्या खोल्या पाहुण्यांना राहायला, पुढच्या पडवीत जेवण. पाहुण्याला ‘पुरे’ म्हणणं तिच्या रक्तात नाही आणि तिच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांच्याही नाही. एकदा दिवाळीच्या सुट्टीत मी तिच्या मदतीला गेले होते. घाटावरून आलेलं एक कुटुंब जेवत होतं. त्यातले गृहस्थ सुरमईची तुकडी मागवायचे, मधलं तेवढं खायचे, कडा चिवडून टाकायचे आणि पुढची मागवायचे.

काकीला खाण्याचं दुःख नव्हतं, टाकण्याचं होतं. शेवटी ती दाराशी बसली आणि गोष्ट सांगू लागली. माझ्यादेखत, तिथल्या तिथे रचत.

“खाडीच्या तोंडाशी ओहोटीला वाळू वर येते ना, ते हावऱ्याचं पोट. खाडीतली देवी त्याला प्रसन्न झाली. म्हणाली, माग. हा म्हणाला, माझं पान कधी रिकामं होऊ नये. पोट भरावं, हे मागायचं विसरला. बसला जेवायला. बायको म्हणाली, उठा आता. पोरं म्हणाली, आम्हालाही वाढा. याने मान वर केली नाही. भरती कमरेपर्यंत आली तरी हात पानातच. वाळूने पुरलं त्याला. पोट तेवढं वर राहिलं.”

गृहस्थांचे डोळे पाणावले होते.

“काकू, काय खोल अर्थ आहे हो!” ते म्हणाले. “पुन्हा सांगाल? व्हिडिओ काढतो. आणि अजून दोन तुकड्या पाठवा.”

पुढच्या हंगामात होडीवाले डॉल्फिन दाखवून झाले की हावऱ्याचं पोट दाखवू लागले. लोक वाळूवर उतरत आणि आपापली पोटं पुढे काढून फोटो घेत. कुणी तिथे नारळ ठेवला, कुणी वडे. एकदा तुडुंब जेवून आलेला एक जण होडीतच ओकला. होडीवाल्याने हात जोडले, “देवीचो कोप!” त्यानंतर तर गर्दी आवरेना.

गेल्या वर्षी वाडीने त्या वाळूवर पंगतच घातली. हावरेपणापासून देवीने वाचवावं म्हणून कोंबडी-वडे, भात, सोलकढी, आणि जेवणारा नको म्हणेपर्यंत वाढणारे वाढपी. नको कुणीच म्हणत नव्हतं. वाडीतली जाणती बाई म्हणून काकीला नारळ फोडायला बोलावलं होतं. मीही गेले. शेजारच्या खाणावळीचा मालक माईकवरून ही पूर्वापार चालत आलेली कथा सांगत होता. त्याच्या कथेत हावऱ्याला दोन बायका होत्या.

काकीने त्याचा सदरा ओढला. “दोन खंयच्यो रे? एकच होती. गजाल माझी आसा. मियाच रचलंय.”

त्याने माईकवर हात ठेवला आणि समजुतीने म्हणाला, “काकी, तुमका म्हायत नसतला. माझो आजो सांगी.”

त्याचा आजा जन्माचा मुका होता, हे अख्ख्या वाडीला ठाऊक आहे.

मला वाटलं, आता काकी त्याला फाडून खाणार. पण तिने मुकाट्याने नारळ फोडला, पंगतीत बसली आणि जेवली. परतताना होडीत मी विचारलं, “वायट वाटला गो?”

“भात कच्चो होतो,” ती म्हणाली, आणि खाडीच्या पाण्याने खळखळून चूळ भरली.