चौथ्या गावाचं कार्ड

भगत बाबू नवं कार्ड बनवलं का पह्यले मले डोळे मिटाले लावाचे. "कमलबाई, मिटा डोळे. सांगा, कोन्या गावचं?" मी चाचपून सांगाची. मले अक्षर येत नव्हतं, आकडे तेवढे समजत. सेलूच्या वाचनालयात बाबू पुस्तकं सांभाळाचे, मी झाडझूड कराले अन् पानी भराले होती. नवरा मरून गेलता, दोन लेकरं होती, त्या कामावर चूल पेटाची.

आनीबानी उठली होती तवाची गोष्ट. सेलूत पुस्तक नाई भेटलं का आंजीहून आनाचं, नाईतर पुलगावहून. गठ्ठा बांधून यष्टीच्या कंडक्टरजवळ द्याचा. पन तिन्ही गावची तऱ्हा न्यारी. आमी वाचनाऱ्याच्या नावानं लिवाचो, आंजीवाले पुस्तकाच्या नंबरानं, पुलगावचे मास्तर तारखेनं. आंजीचं एक पुस्तक पुलगावात आठ महिने पडून राह्यलं, कोनाले पत्ता नाई.

बाबूनं दोन वर्सं डोकं लावून तिन्ही गावाले एकच कार्ड केलं. एकाच मापाचं, नंबर एकाच जागी. सेलूच्या कार्डाचा वरचा डावा कोपरा कापलेला, आंजीच्याले मधात भोक, पुलगावचं साबूत. गठ्ठे मी चाचपूनच बांधाची म्हनून खुना माह्या हातासाठी. "तुमच्या हाताले समजलं तं कोनालेई समजते," म्हनाचे.

पुलगावचे मास्तर हसले. "बाबू, हे वाचनालय हाये का यष्टीचा डेपो?"

"डेपोत तरी मास्तर, गाडी कुठं गेली ते माहीत असते."

लहानपनी बाबूले त्यायच्या गावच्या वाचनालयात आत घेत नव्हते. वट्याखाली उभं राहून पुस्तक मांगाचे, कोनी देल्लं तं देल्लं. हे त्यायनं मले एकदाच सांगितलं, तेबी पुस्तकाले पुठ्ठा चढवता चढवता. त्यावर म्हनाले, "ज्याले पाह्यजे त्याच्या हातात पुस्तक गेलं पाह्यजे बाई. गाव कोनतंई असो."

दर महिन्याच्या पह्यल्या शनवारी तिन्ही गावचे सेलूले बसत. शाई बदलाची असली तरी बाबूचं एकच, "आपल्या मनानं काई बदलाचं नाई. आधी तिघायले इचारा."

मी एकदा म्हनलं, "बाबू, चहात साखर टाकू का तेबी तिघायले इचारू?"

"इचारा नं. मास्तरले साखर चालत नाई." खरंच चालत नव्हती, अन् मी सहा महिने पाजून राह्यली होती.

मंग देवळीवाले म्हनले, आमालेई घ्या. तेवढ्यात बाबू छातीच्या दुखन्यानं दवाखान्यात गेले, दीड महिना आलेच नाई. देवळीच्या कोऱ्या कार्डायचा गठ्ठा टेबलावर पडून होता. तिथला मानूस दोन चकरा मारून गेला. "काऊन हो बाई, आमचेच कार्ड आडले?" मले वाटलं, बाबू येतीन, काम झालेलं दिसन, खूश होतीन. कैची घेतली अन् सगळ्या कार्डायचा खालचा उजवा कोपरा कापला. डोळे उघडे ठेवून कापला. डोळ्याले तं न्यारंच दिसत होतं.

कार्ड उलटं फिरवलं का खालचा उजवा कोपरा वरचा डावा होते. हातानं चाचपलं तं देवळीचं सेलूचंच लागे. सेलूची पुस्तकं देवळीले, देवळीची सेलूले. भांडनं लागली, चिठ्ठ्यावर चिठ्ठ्या आल्या.

बाबू दवाखान्यातून आले, गळ्याची हाडं दिसत होती. बैठक भरली. पुलगावचे मास्तर म्हनाले, "आमचं आमी पाहू आता." आमच्या वाचनालयाच्या अध्यक्षानं कार्ड टेबलावर आपटलं, "हे कोनं कापलं?"

बाबूनं कार्ड उचललं. एकदा उलटं केलं, एकदा सुलटं केलं. माह्याकडं पाह्यलं नाई. "नियम माहा हाये," म्हनाले, "चूकबी माहीच."

मी चहाचे कप घेऊन दारात उभी होती. "मी कापलं" म्हनून काम गेलं असतं तं लेकरायले काय चारलं असतं? ते तवाई खरं होतं, आजई खरं हाये. पन कप हातात थंडे झाले तरी माह्या तोंडून शब्द निंघाला नाई, हेबी तेवढंच खरं हाये.

मिळून चालवनं बंद झालं. आपापलं रजिष्टर, आपापली तऱ्हा. बाबू अजून सहा वर्सं त्याच खुर्चीवर होते. बोलाचे, हसाचे, लेकरायचं इचाराचे. डोळे मिटा म्हनून मात्र कवाच म्हनले नाई. रोज माठ भरताना ठरवाची, आज सांगीन. माठ भरे, मी झाडू उचलाची.

एका उन्हाळ्यात ते गेले. मी त्यायच्या घरी जाऊन पाया पडली. तिथंबी सांगितलं नाई. तवा तं कोनी कामावरून काढनार नव्हतं.

बाबूच्या जागी आलेल्या नव्या बाईनं त्यायच्या टेबलाचा खन रिकामा केला. तळाशी एक कार्ड होतं, वरच्या काठाले बरोबर मधात लहानशी खाच. मी डोळे मिटले, उलटं केलं, सुलटं केलं, पालथं केलं. कसंई धरा, दुसऱ्या कोन्या गावचं लागत नव्हतं. त्याले चिठ्ठी टाचलेली होती. म्हनलं, "वाचा नं बाई."

बाईनं वाचलं, "देवळी. आधी कमलबाईच्या हातानं तपासणे. मग तिघांना विचारणे."

"फेकू का हे?" बाई म्हने.

मी म्हनलं, "नोका फेकू. चिठ्ठी पुन्हा एकडाव वाचा." तिघायच्या आधी माहं नाव होतं.